एका दुखण्याचा जमाखर्च

आपल्या बोलण्यात शरीराचे बहुतेक अवयव येऊन जातात. काळजाला घरे पडतात, डोके फिरते, पोटात गोळा येतो, नाक कापले जाते. स्वादुपिंडाच्या वाट्याला मात्र मराठीत एक साधा वाक्प्रचारही आलेला नाही. शाळेत शास्त्राच्या पुस्तकात ती आकृती कधी काळी काढलेली असते, परीक्षेला दोन गुण मिळालेले असतात, आणि त्यानंतर ते बिघडेपर्यंत हा अवयव कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे पसरलेले, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीचे हे पिंड दोन कामे करते. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडते आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्शुलिन रक्तात सोडते. इतक्या आत दडलेले असल्यामुळे त्यात गाठ झाली तरी ती हाताला लागत नाही, आणि सुरुवातीला दुखतही नाही. रोग कळतो तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांचीच गाठ काढून टाकण्याजोगी असते. अमेरिकेसारख्या सर्व साधने हाताशी असलेल्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास आहे.

माझे थोरले बंधू सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, २०२२ च्या श्रावणात त्यांना हा रोग झाल्याचे कळले. पुढे ते २७ महिने जगले. मी सहकारी बँकेत ३१ वर्षे खतावण्या सांभाळल्या, त्यामुळे घरातल्या सर्वांनी हिशेबाचे काम आपोआप माझ्याकडे दिले. दोनशे पानी वहीत मी पहिल्या सोनोग्राफीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळे लिहून ठेवले. ती वही आता ओळखीपाळखीच्या घरांतून फिरते आहे. कुणाच्या सासऱ्यांना, कुणाच्या मामींना हाच आजार निघाला की निरोप येतो, 'तुमची ती वही जरा द्याल का?' म्हणून वाटले, तिच्यातले थोडे सर्वांसाठी लिहावे.

न दुखणारी कावीळ

दादांचे डोळे पिवळे दिसू लागले ते नागपंचमीच्या सुमारास. पोटात दुखत नव्हते, ताप नव्हता. अंगाला खाज मात्र इतकी सुटे की रात्री झोप नसे. लघवी गडद, शौचाला पांढुरकी. गावात कावीळ म्हटले की उपाय सांगणारे दहा जण भेटतात. एकाने काविळीची माळ आणून दिली, दुसऱ्याने उसाचा रस सुचवला. दादांना सहा महिन्यांपूर्वीच नव्याने मधुमेह निघाला होता आणि वजन आठ किलोने उतरले होते. वजन उतरल्याचा घरात आनंदच होता, कारण डॉक्टर पूर्वीपासून तेच सांगत होते.

आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र पोट तपासले आणि म्हणाले, "दुखत नाही, म्हणूनच मला काळजी वाटते." यकृतातून येणारी पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली की नळी दाबली जाते, पित्त तुंबते आणि कावीळ होते. खड्यामुळे झालेल्या काविळीत बहुधा कळा येतात; गाठीच्या काविळीत पुष्कळदा येत नाहीत. साठीच्या आसपास अचानक निघालेला मधुमेह, कारण नसताना उतरणारे वजन, पाठीत जाणारी मंद कळ आणि न दुखणारी कावीळ, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तरी सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन करून घ्यावा, हे त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. स्वादुपिंड आतड्यातल्या वायूमागे लपत असल्याने सोनोग्राफीत गाठ निसटू शकते.

सीए १९-९ नावाची एक रक्ततपासणी आहे. हल्ली 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमध्येही ती दिसते. तिच्यावरून निदान होत नाही. नुसत्या काविळीनेही तो आकडा चढतो, आणि काही माणसांच्या रक्तात ते द्रव्य तयारच होत नाही. उपचार सुरू झाल्यावर गाठ आटते आहे की वाढते आहे हे पाहण्यासाठी तिचा उपयोग.

तीन वाटा

पुण्याच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात सर्जननी कागदावर आकृती काढून समजावले. या रोगाचे रुग्ण ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. गाठ स्वादुपिंडापुरती असेल तर शस्त्रक्रिया, आणि तिच्या मागून किंवा पुढून केमोथेरपी. गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल तर आधी काही महिने केमोथेरपी, काही ठिकाणी किरणोपचार, आणि गाठ मागे हटली तर शस्त्रक्रिया. रोग यकृतात किंवा इतरत्र पसरला असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. केमोथेरपीने आयुष्य काही महिने वाढवणे आणि त्रास कमी करणे एवढेच हाती राहते. दादा मधल्या गटात होते.

ही शस्त्रक्रिया 'व्हिपल' या नावाने ओळखली जाते. जर्मनीत वाल्थर काउश यांनी तिचा पहिला प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करून १९१२ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ती नव्याने मांडली. त्यात स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा आणि कधी जठराचाही काही भाग काढतात, आणि उरलेल्या तिन्ही गोष्टी आतड्याला पुन्हा जोडतात. पाच-सात तासांचे काम. यातला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक. तो झिरपला की पोटातला पाचकरस आतल्या आतच जाळू लागतो आणि रुग्णालयातला मुक्काम आठवड्यांनी लांबतो.

म्हणून इथे एक प्रश्न पैशाच्याही आधी विचारायचा असतो: 'आपल्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?' अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की क्वचितच अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत शंभरातले १६ रुग्ण दगावत होते आणि सर्वांत जास्त करणाऱ्या रुग्णालयांत चाराहूनही कमी. घराजवळचे रुग्णालय, ओळखीचे डॉक्टर, मुलांना सोयीचे शहर हे सगळे मुद्दे या फरकापुढे फिके आहेत. प्रश्न विचारला म्हणून चांगला सर्जन रागावत नाही. आमचे रागावले नाहीत. उलट गेल्या वर्षीचा आकडा सांगून किती जणांना गुंतागुंत झाली तेही सांगितले.

दर पंधरा दिवसांनी

केमोथेरपी सुरू करण्याआधी कावीळ उतरणे भाग असते. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवतात. प्लॅस्टिकचा स्टेंट स्वस्त, पण साधारण तीन महिन्यांत तुंबतो आणि बदलावा लागतो. धातूचा महाग, पण बरेच जास्त दिवस टिकतो. दादांची केमोथेरपी चार महिने चालायची होती, म्हणून धातूचा घेतला. दोन वेळा दुर्बीण आणि मधे एखादा ताप, याचा खर्च मांडला तर महाग वस्तूच स्वस्त पडत होती.

या रोगावरच्या औषधांची वाटचाल फार सावकाश झाली आहे. जेमसायटाबिन हे औषध १९९७ साली पुढे आले तेव्हा पसरलेल्या रोगात मध्यम आयुर्मान साडेचार महिन्यांवरून साडेपाच महिन्यांच्या थोडे पुढे गेले, आणि तेवढीही त्या वेळी मोठी बातमी होती. २०११ साली फ्रान्समध्ये चार औषधे एकत्र देऊन पाहिली. 'फॉलफिरिनॉक्स' हे तिचे नाव. पसरलेल्या रोगात जेमसायटाबिनने ६.८ महिने आणि या चौकडीने ११.१ महिने मिळाले. २०१३ साली जेमसायटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड मिळाली; ती थोडी सुसह्य, मध्यम आयुर्मान ८.५ महिने. खरी उमेद वाढवणारा आकडा २०१८ चा. शस्त्रक्रिया झालेल्या, अंगाने धडधाकट रुग्णांना नंतर ही चौकडी किंचित बदलून दिली तेव्हा मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांवर गेले. जेमसायटाबिनवर ते ३५ होते. मध्यम याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे. आपला माणूस कुठल्या बाजूला, हे कुणी सांगू शकत नाही.

दादांना हीच चौकडी मिळाली. रुग्णालयात सकाळपासून सलाईनमधून औषधे, आणि संध्याकाळी कमरेला छोटा पंप बांधून घरी. तो ४६ तास थेंब थेंब औषध सोडत राहतो. पुण्यातल्या पुतण्याच्या घरी ते पंप लावून टीव्हीवर क्रिकेट पाहत बसत. यातल्या एका औषधाने थंडीचा स्पर्श सहन होत नाही. फ्रिजमधली बाटली धरली तर बोटांत मुंग्यांचा डंख उठे, गार पाणी घशाला टोचे. वहिनींनी फ्रिजच्या दाराला दोरी बांधली होती. आठ फेऱ्यांनंतर गाठ रक्तवाहिनीपासून सुटल्यासारखी दिसली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ आणखी चार फेऱ्या.

औषधांच्या किमतींबद्दल एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. या चौकडीतली सगळी औषधे आता भारतीय कंपन्या बनवतात. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत कधी कधी दुपटी-तिपटीचा फरक असतो. २०१९ साली सरकारने कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला, तेव्हा काही किमती चांगल्याच खाली आल्या. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून उभ्या राहिलेल्या 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'ने अनेक रुग्णालयांची एकत्रित खरेदी सुरू केली आहे. आपण एवढेच विचारायचे: 'हेच औषध दुसऱ्या कंपनीचे चालेल का? आणि ते रुग्णालयाच्या दुकानातूनच घ्यायला हवे का?' आमच्या डॉक्टरांनी दोन औषधांच्या बाबतीत हो म्हटले आणि एकाच्या बाबतीत नाही, कारणही सांगितले. दर फेरीमागे सहा-सात हजारांचा फरक पडला.

एका शस्त्रक्रियेचे तीन भाव

शस्त्रक्रियेसाठी आम्ही तीन ठिकाणी अंदाजपत्रक मागितले. एका पंचतारांकित वाटणाऱ्या रुग्णालयाने साडेनऊ लाख सांगितले, दुसऱ्याने सहा, आणि ट्रस्टच्या रुग्णालयाने साडेचार. पहिल्या ठिकाणचा कागद मी बँकेच्या सवयीने तीनदा वाचला. खाली बारीक अक्षरांत होते की रक्त, अतिदक्षता विभागातले जादा दिवस, टाके घालण्याची यंत्रे, भारी प्रतिजैविके आणि 'अनपेक्षित गुंतागुंत' यांचा यात समावेश नाही. या शस्त्रक्रियेत गुंतागुंत पुष्कळांना होते. तिला अनपेक्षित म्हणणे म्हणजे आषाढात पावसाला अवकाळी म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. आपल्याकडे बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे सगळेच दर बदलतात. तेच ऑपरेशन थिएटर, तेच सर्जन, पण खोली स्वतंत्र घेतली की शस्त्रक्रियेचे शुल्क, भूल, तपासण्या सगळे वरच्या दराने लागते. शिवाय मेडिक्लेममध्ये खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि आपण महागडी खोली घेतली, तर विमा कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही, अनेक पॉलिसींत बिलातल्या इतर बऱ्याच रकमाही त्या प्रमाणात कापते. दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि खोली सहा हजारांची, तर बिलाचा बराचसा भाग निम्म्यावर येऊ शकतो. दादांना दोन खाटांच्या खोलीत ठेवले. शेजारच्या खाटेवर बार्शीचे एक गृहस्थ होते. दोघांचे मस्त जमले, आणि आमचे लाखभर रुपये वाचले.

वहीतली शेवटची बेरीज अशी. सुरुवातीच्या तपासण्या आणि बायॉप्सी ६१ हजार. स्टेंट ९२ हजार. केमोथेरपीच्या बारा फेऱ्या २ लाख ८८ हजार. शस्त्रक्रिया आणि १४ दिवसांचा मुक्काम ४ लाख ७० हजार. पचनाच्या कॅप्सूल, इन्शुलिन आणि पोषणाची पावडर २५ महिन्यांत १ लाख १० हजार. गाडीभाडे, राहणे, जेवण १ लाख ४३ हजार. शेवटच्या तीन महिन्यांतली वेदनेची औषधे आणि घरी येणारी परिचारिका ४१ हजार. एकूण १२ लाख ५ हजार.

यातली एक रक्कम कुणाच्या लक्षात येत नाही, ती प्रवासाची. ती जवळजवळ तीन महिन्यांच्या केमोथेरपीइतकी झाली. आणि पचनाच्या कॅप्सूल हा खर्च पुष्कळदा कुणी सांगतच नाही. स्वादुपिंडाचा रस कमी पडल्यावर खाल्लेले अंगी लागत नाही, तेलकट जुलाब होतात, आणि माणूस रोगापेक्षा उपासमारीने खंगतो. जेवताना पहिल्या घासाबरोबर ही कॅप्सूल घेतली की फरक पडतो. दादांचे उतरलेले वजन यांनीच थांबवले.

पैसा कुठून उभा राहतो

बारा लाखांपैकी मेडिक्लेमने २ लाख ८० हजार दिले, दोन धर्मादाय न्यासांनी मिळून ५० हजार. उरलेले ८ लाख ७५ हजार दादांचा फंड, वहिनींच्या पाटल्या आणि दोन पुतण्यांची कर्जे यांतून आले. त्या वेळी सरकारी योजनेचा आम्हाला उपयोग झाला नाही, कारण दादांचे रेशनकार्ड पांढरे होते.

आता चित्र बदलले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. तेव्हा कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांनाच ती लागू होती. २०२३ साली राज्याने ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली करण्याचा आणि मर्यादा ५ लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयांच्या यादीत नाव आहे की नाही आणि आपला उपचार तिथे त्या योजनेखाली होतो की नाही, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. दाखल झाल्यावर मागे फिरणे अवघड जाते.

धर्मादाय रुग्णालयांविषयीही आपल्याला फार कमी माहिती असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने द्यायच्या असतात. झगझगीत काचांची पुष्कळ मोठी रुग्णालये कागदोपत्री धर्मादायच आहेत. तिथे वैद्यकीय समाजसेवकाची खिडकी असते. ती पहिल्या दिवशी शोधावी. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचे पत्र आणि खर्चाचे अंदाजपत्रक यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स जवळ ठेवाव्यात. आम्ही मुख्यमंत्र्यांच्या निधीपासून देवस्थानांपर्यंत जिथे अर्ज केला तिथे हेच पाच कागद मागितले.

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून उभे आहे. तिथे सर्वसाधारण वर्गात उपचार फार कमी खर्चात होतात, आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांचा तिथला अनुभव मोठा आहे. देशभरातून माणसे येत असल्याने गर्दी असते, तारखांसाठी धीर धरावा लागतो. बाहेरगावच्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार असतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

मळा विकायचा की नाही

शस्त्रक्रियेनंतर दादांना चौदा महिने चांगले मिळाले. जुलै २०२३ पासून ते सकाळी मळ्यात जाऊ लागले. नातीच्या बारशाला त्यांनी स्वतः पेढे वाटले. कार्तिकीला पंढरपूरला एसटीने जाऊन आले. ऑगस्ट २०२४ च्या सीटी स्कॅनमध्ये यकृतावर तीन ठिपके दिसले.

आता पुढच्या औषधांचा प्रश्न आला आणि घरात दोन तट पडले. फंड संपला होता. उरला होता वाटणीचा अर्धा एकर मळा. थोरला पुतण्या म्हणाला, "काका, बापापेक्षा मळा मोठा आहे का? मी उद्या गिऱ्हाईक आणतो." वहिनींचेही तेच म्हणणे. कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचे पत्रक आणून दिले. त्यात 'इम्युनोथेरपी'ने नवे जीवन मिळेल असे छापले होते, आणि फोनवर त्यांनी सुरुवातीलाच सहा लाख सांगितले. आमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारले. ते म्हणाले, स्वादुपिंडाच्या रुग्णांपैकी शंभरात जेमतेम एकाच्या गाठीत असा दोष असतो की इम्युनोथेरपी लागू पडावी. तो आहे की नाही हे गाठीच्या तुकड्यावरून आधी तपासता येते, आणि दादांचा अहवाल नकारार्थी आहे. शंभरातल्या पाच-सात जणांत बीआरसीए नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यांना वेगळ्या गोळ्या देता येतात. तीही तपासणी झाली होती. या रोगाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत केआरएएस या जनुकात बिघाड असतो आणि त्यावरच्या नव्या औषधांकडे सगळ्या जगाचे लक्ष आहे. त्या दिवशी दादांच्या हाताशी होती ती जेमसायटाबिनची जोडी.

दादांनी डॉक्टरांना सरळ विचारले, "घेतले तर किती, नाही घेतले तर किती?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितले की घेतले तर सरासरीने काही महिने वाढतील, त्यांतले पुष्कळ दिवस रुग्णालयाच्या खेपांत जातील, न घेतले तर त्रासावर उपचार करत घरी राहता येईल. दोन्ही मार्गांना त्यांनी उपचारच म्हटले. 'आता आमच्या हातात काही नाही' हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

त्या रात्री अंगणात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "दादा, मळ्याचा विचार तू करू नकोस. तुला औषध हवे असेल तर आपण घेऊ." ते म्हणाले, "अरे, चौदा महिने मला फुकट नाही मिळाले. बारा लाखांना पडले आणि पडले ते बरे झाले. पण पुढचे तीन महिने मी गाडीतून पुण्याला हिंदकळत घालवणार आणि ती दोघे पुढची वीस वर्षे हप्ते भरणार, हा सौदा मला पटत नाही. माझे डोके अजून चालते आहे तोवर हे मला ठरवू दे." पुतण्या दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन बापाच्या पायाशी बसला.

मला इथे कुणाला धडा द्यायचा नाही. चाळीस वर्षांचा माणूस असता, लहान मुले असती, तर मळा विकून औषध घेणेच मला योग्य वाटले असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर २०१८ पासून मुंबई, अमेरिका आणि दिल्लीत उपचार झाले; नाकात नळी असताना त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. त्यांनी आपले दिवस कामात घालवायचे ठरवले. प्रत्येकाचा हिशेब निराळा. तो ज्याचा त्याला करता यावा, एवढी माहिती त्याला मिळाली पाहिजे. आपल्या घरांत ती रुग्ण सोडून सर्वांना असते.

शेवटचे तीन महिने

या रोगाची वेदना पोटातून पाठीत जाते आणि झोपू देत नाही. तिच्यावर इलाज आहेत. पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात सुईने औषध सोडून ती बरीच बोथट करता येते. आणि मॉर्फीन आहे. मॉर्फीनच्या गोळीची किंमत काही रुपये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती मिळणे वर्षानुवर्षे दुरापास्त होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी सगळ्या दुकानांत ती मिळत नाही, मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच घ्यावी लागते. 'सवय लागेल' या भीतीने घरचेच लोक ती देत नाहीत. दुखण्यासाठी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतली तर माणूस शांत होतो, बोलतो, जेवतो. दादांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज वर्तमानपत्र वाचले.

अशा सेवेसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी पैसे घेत नाहीत. अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात हवीत. आमच्या तालुक्यात परिचारिका मिळवायला मला अकरा फोन करावे लागले. वेदनेचा सल्ला शेवटी न घेता निदानाच्या दिवसापासूनच घ्यावा, असे आता तज्ज्ञ सांगतात. बारा लाखांच्या हिशेबात या भागाचे ४१ हजार सर्वांत लहान रकमांपैकी, पण वहिनी आजही त्यांचेच नाव आधी काढतात.

वही मागायला येणाऱ्यांना मी पाच प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून देतो. रोग कोणत्या गटातला आहे? इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? अंदाजपत्रकात काय धरलेले नाही? या औषधाने सरासरी किती मिळते, आणि ते दिवस कसे असतील? आणि दुखले तर रात्री कुणाला फोन करायचा? पहिली चार उत्तरे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. पाचवे उत्तर, म्हणजे तो फोन नंबर, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.